साहसी खेळांतील चॅटबॉट पात्रे

संगणकीय साहसी खेळांतील ज्या पात्रांशी खेळाडू स्वतःच्या शब्दांत, लिहून किंवा बोलून, संभाषण करू शकतो, त्यांना चॅटबॉट पात्रे म्हणता येते. साहसी खेळांत कथा पुढे नेणारे दुवे बहुधा पात्रांच्या बोलण्यातून मिळतात. त्यामुळे खेळाडूला बोलण्याचे स्वातंत्र्य देणे आणि लेखकाने रचलेली कथा अबाधित राखणे, या दोन गोष्टींचा मेळ घालणे हा या तंत्रातील मूळ प्रश्न आहे.

== पार्श्वभूमी ==

जोसेफ वायझेनबाम यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तयार केलेली व १९६६ साली प्रसिद्ध केलेली 'एलायझा' ही आज्ञावली आद्य चॅटबॉटपैकी एक मानली जाते. वाक्यातील विशिष्ट शब्द हेरून ती तेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करीत असे. अर्थ तिला कळत नसे. विल क्राउदर व डॉन वुड्स यांच्या 'कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर' (१९७६–७७) या खेळात एक-दोन शब्दांच्या आज्ञा टंकित कराव्या लागत. योग्य शब्द न सुचल्यास खेळाडू अडून बसे. पुढे अनेक खेळांनी तयार वाक्यांची यादी देऊन ही अडचण टाळली. मात्र त्यामुळे कोणता प्रश्न विचारावा हे शोधण्याचे आव्हान कमी झाले.

== प्रमुख प्रयोग ==

डग्लस अॅडम्स यांच्या 'स्टारशिप टायटॅनिक' (१९९८) या खेळात अवकाशयानातील यंत्रमानवांशी टंकलेखनाद्वारे बोलता येते. त्यासाठी सुमारे १६ तासांचे संवाद आधीच ध्वनिमुद्रित करण्यात आले होते. खेळाडूच्या वाक्याशी जुळणारे उत्तर आज्ञावली त्यांतून निवडते.

मायकेल मटेअस व अँड्र्यू स्टर्न यांच्या 'फसाड' (२००५) या संवादी नाट्यात खेळाडू ग्रेस व ट्रिप या दांपत्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. त्याच्या वाक्याचा शब्दशः अर्थ न लावता सहमती, टीका, स्तुती अशा वर्गांत त्याची नोंद होते आणि त्यानुसार प्रसंगाला वळण मिळते. अनुचित बोलणाऱ्या पाहुण्याला ट्रिप घराबाहेरही काढतो.

== भाषा प्रारूपांचा वापर ==

मोठी भाषा प्रारूपे प्रत्येक वेळी नवे वाक्य रचू शकतात. २०१९ साली आलेला 'एआय डंजन' हा खेळ याच पद्धतीवर आधारलेला आहे. तथापि असे पात्र खेळात नसलेली किल्ली असल्याचे सांगू शकते किंवा रहस्य वेळेपूर्वीच उघड करू शकते. यावर उपाय म्हणून त्या टप्प्यावर पात्राला जेवढे ठाऊक असावे, तेवढीच माहिती प्रारूपास पुरवली जाते. खेळाडूचा हेतू प्रारूपाने ओळखायचा आणि उत्तर मात्र लेखकाचेच द्यायचे, हा दुसरा उपाय होय.

युजी होरी यांच्या १९८३ सालच्या 'पोर्टोपिया' या जपानी रहस्यखेळाची नवी प्रायोगिक आवृत्ती स्क्वेअर एनिक्सने २०२३ मध्ये काढली, तेव्हा हाच दुसरा मार्ग स्वीकारला गेला. अनैतिक उत्तरांच्या शक्यतेमुळे वाक्यनिर्मितीची सोय वगळण्यात आली. परंतु यासू हा सहकारी साध्या सूचनाही समजू शकत नाही, अशी टीका खेळाडूंनी केली. चाळीस वर्षांनंतरही नेमके शब्द शोधण्याची जुनी अडचण या खेळात कायम राहिली.