परमुलखातला सुई-दोरा

सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके आणि साताऱ्यातले माण-खटाव यांच्यात दुष्काळ समान आहे, तसा एक धंदाही समान आहे. सोनं-चांदी गाळण्याचा. शेतीनं हात दिला नाही म्हणून इथली माणसं गलाईच्या कामाला बाहेर पडली आणि पिढ्यांमागून पिढ्या तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल असं करत देशभर पसरली. सराफांकडचं जुनं मोडीचं सोनं, दुकानातली झाडलोट, चांदीचा चुरा आणायचा आणि तेजाब नि भट्टी यांच्या मदतीनं त्यातून शुद्ध धातू वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या आसपासच्या कितीतरी घरांत आजही एक भाऊ गावी शेतीवर आणि दुसरा कुठल्याशा दूरच्या शहरातल्या सराफकट्ट्यावर अशी वाटणी असते.

या धंद्यावर बरंच लिहिलं-बोललं गेलं. भट्टीच्या मागच्या खोलीतल्या संसाराकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

सुरुवातीची वर्षं बहुतेकांची सारखीच. भाड्याची एक खोली, भाषा अनोळखी, दुकानदार अनोळखी, आणि गावाकडे दर महिन्याला पैसे पाठवायचे. अशा घरात खाट नसते, गादी नसते. असते ती गावाहून आणलेली वाकळ. साताऱ्या-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणायची रीत आहे. कोईमतूरच्या किंवा त्रिशूरच्या उकाड्यात ती पांघरायची गरज नाही, पण फरशीवर अंथरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळी घडी करून कोपऱ्यात ठेवली की निजायची खोली पुन्हा बसायची होते. पाहुणा आला की तीच बैठक, मूल झालं की तिचाच तुकडा पाळण्यात.

वाकळीचा हिशेब पाहिला की तिच्यामागची बुद्धी कळते. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात. एक वर, एक खाली, दोन पोटात: एका माणसाचं पातळ अंथरूण एका लुगड्यात निघालं. आजची पाचवारी साडेपाच मीटरच्या आसपास, तिचे एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचे तीन तुकडे. दोन साड्यांत सहा थर होतात. पोटात मग काहीही चालतं, जुनी चादर, धोतर, मुलांचे आखूड झालेले सदरे, अगदी शिंप्याकडच्या चिंध्यासुद्धा. काठ वेगळे काढून ठेवायचे, ते कडेच्या पट्टीला लागतात. कापड धुऊन सपाट अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, थर हातानं निपटून आधी मोठे कच्चे टाके मारायचे आणि मग स्वतःच वाकळीवर बसून धावदोरा घालत सरकत जायचं. सुगी संपल्यावर, पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत हे काम निघतं, कारण तेव्हा अंगणही मोकळं असतं आणि बायाही. दोघी-तिघी मिळून बसल्या तर गप्पांत वाकळ कधी आटोपली ते कळत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पाठीला मात्र चांगलंच कळतं.

टाके नुसते शोभेचे नसतात. थर जागेवरून हलू नयेत, पोटातल्या चिंध्या धुताना एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत म्हणून ते जवळजवळ हवेत. दोन टाक्यांमधला फुगवटा हवा धरून ठेवतो आणि ऊब येते ती त्या हवेची. म्हणून एकाच जाड कापडापेक्षा पाच पातळ थरांची वाकळ उबदार लागते. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका अशाच जुन्या कपड्यांपासून कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरू करून मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. बंगालातला कांथाही मूळचा जुन्या साड्यांचाच. कोलकात्यात गेलेल्या गलाई घरातल्या बाईला तिथल्या बाईची भाषा कळली नसेल, पण तिच्या हातातलं काम ओळखू आलं असणार.

अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आहे. वाकळ शिवणारी बाई याच्या उलट करते. पोरांचे पाय वाढतील तसं ती अंथरूण वाढवते.

काटकसरीचं दुसरं शिवणकाम म्हणजे दंड घालणं, आणि हे आता जवळपास विसरलं गेलं आहे. लुगडं बसून-उठून मधोमध विरतं, टोकं मात्र धड राहतात. मग विरलेल्या जागी ते कापायचं, धड टोकं एकमेकांना जोडून शिवायची आणि विरलेला भाग दोन्ही शेवटांना न्यायचा, जिथे तो निऱ्यांत किंवा खोचण्यात दडून जाईल. एका दंडानं लुगड्याचं आयुष्य वर्षभर तरी सहज वाढे. यात लाज मानायची पद्धत नव्हती, कारण शेजारणीच्याही लुगड्याला दंड असायचा. दुसऱ्या महायुद्धात कापडटंचाई झाली आणि 1943 साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हा तर खेड्यापाड्यांत दंडाशिवाय गत्यंतरच नव्हतं. त्याच टंचाईच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार या भागात गांधी विवाह लावत होतं, बिनहुंड्याचे, कमीत कमी खर्चाचे. इंग्लंडातही 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग होतं आणि जुन्याचं नवं कसं करावं हे सांगणारी पुस्तिका खुद्द सरकारनं 1943 मध्ये काढली. माणदेशातल्या बाईला अशी पुस्तिका कुणी दिली नाही, तिला गरजही नव्हती.

सुई-दोरा हे फक्त बायकांचं काम, असंही समजू नये. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली. मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियापर्यंत गेल्या होत्या. ब्रिटिश सैन्यात शिपायाच्या सामानात सुया, दोरा, बटणं यांची एक छोटी गुंडाळी असे आणि तिला चक्क ‘हाउसवाइफ’ म्हणत. घरापासून लांब असलेल्या पुरुषाला आपलं बटण आपणच लावावं लागतं, हे फौजेनं कुठलाही आडपडदा न ठेवता मान्य केलं होतं. घरानं ते अजून पुरतं मान्य केलेलं नाही.

शिलाई मशीन आलं तसा हिशेब बदलला. आयझॅक सिंगरनं 1851 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं आणि पुढे त्याच्या कंपनीनं मशीन हप्त्यांनी विकायची रीत रुळवली. गांधीजी यंत्रांवर कडक टीका करत, पण 1924 साली एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद केलं. आजवर लागलेल्या मोजक्या उपयोगी शोधांपैकी हा एक, असं त्यांचं मत होतं. 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं उषा मशीन आणलं आणि मग ते लग्नाच्या रुखवतापासून जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या अनुदानापर्यंत सगळीकडे पोहोचलं. तालुक्याच्या गावात शिवणक्लास, पिको-फॉलची पाटी आणि ब्लाउजच्या मापांची वही या तीन गोष्टींवर कित्येक घरांचं दूध-भाजीचं गणित आजही चालतं. परमुलखात गेलेल्या बाईला तर मशीनचा वेगळाच उपयोग झाला. भाषा येत नसली तरी मापाला दिलेला ब्लाउज दाखवता येतो. शेजारपाजारचं शिवण घेता घेता ती तमिळ किंवा मल्याळम शिकली, तेही घराबाहेर न पडता.

आता समुद्रापलीकडे. साताऱ्या-सांगलीची मुलं-मुली इंजिनिअर, परिचारिका, संशोधक होऊन अमेरिका, जर्मनी, आखातात जातात. त्यांच्या बॅगेत सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ असते. 1970 मध्ये आलेल्या या पुस्तकानं वाटी-चमच्याचं माप दिलं आणि परदेशातल्या स्वयंपाकघरातही ते अडलं नाही. शिवणाचं असं एखादं पुस्तक घरोघरी पोहोचलं नाही, त्यामुळे तिथे गेल्यावर पहिली अडचण येते ती ब्लाउजची. तयार कपडे तिकडे स्वस्त, कारण ते कारखान्यात लाखांनी शिवले जातात, पण माणसाच्या हाताची मजुरी महाग. पँट आखूड करून घ्यायला कधी कधी पँटच्या किमतीच्या निम्मे पैसे पडतात. म्हणून जाणत्या बायका भारतात आल्यावर एकदम आठ-दहा ब्लाउज शिवून घेतात आणि शिंप्याला बजावतात की आत दोन्ही बाजूंना मार्जिन ठेव. वजन वाढलं की एक शिवण उसवायची, दुसरी मार्जिनच्या कडेला घालायची. हे काम सुईनं अर्ध्या तासात होतं.

त्यातही अमेरिकेत अवलंबितांच्या एच-फोर व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला सहसा नोकरीची परवानगी नसते. 2015 पासून त्यांतल्या काही जणांना ती मिळू लागली. शिकलेली बाई दिवसभर घरात, पगार एक, घरभाडं अवाच्या सवा. अशा घरात शिवणकाम वेळही भरून काढतं आणि पैसेही वाचवतं, पण एका अटीवर. नवं कापड दुकानातून विकत आणून शिवलं तर तयार कपड्यापेक्षा ते महागच पडतं. ती हौस झाली, आणि हौस म्हणून उत्तमच आहे. बचत होते ती असलेल्या कपड्यातून. दुरुस्ती, उंची कमी-जास्त करणं, जुन्या चादरीचे अभ्रे, फाटक्या जीन्सच्या पिशव्या, सुती साडीचे पडदे. तिकडे आपली बोहारीण नाही, पण जुन्या वस्तूंची दुकानं गावोगाव आहेत आणि तिथे चांगल्या सुती चादरी अगदी कमी पैशांत मिळतात. वाकळीच्या पोटाला याहून बरं काय?

बाळाचे कपडे तर मुळातच काटकसरीचे आहेत. झबलं चौकोनी तुकड्यांतून निघतं, कातरताना जवळपास काही वाया जात नाही. बांधायला बंद असल्यामुळे मूल वाढलं तरी ते चार महिने जास्त पुरतं. कुंची म्हणजे आयताकृती कापड दुमडून डोक्यावर घातलेली एक शिवण, तिला ना बाही ना गळा. शिकागोच्या हिवाळ्यात बाहेर न्यायला ती पुरणार नाही हे खरं, पण घरात पुरते. बाळोत्यांचा हिशेब मात्र डोळसपणे करावा. कापडी बाळोती स्वस्त खरी, पण इमारतीच्या तळघरातल्या नाणी टाकायच्या धुलाईयंत्रात रोज दोन फेऱ्या होत असतील तर उरलेले पैसे तिथेच जातात. दिवसा कापडी, रात्री आणि बाहेर तयार, असा मधला मार्ग बऱ्याच घरांनी काढला आहे.

या सगळ्यात एक खोट आहे आणि ती झाकून चालणार नाही. आजीच्या वाकळीचे गोडवे गाताना तिच्या श्रमाला कुणी दाम लावला नव्हता हे सोयीनं विसरलं जातं. आज शहरांत आणि इंटरनेटवर हातशिवणीची गोधडी हजारोंनी विकली जाते. ती शिवणाऱ्या बाईला नगावर किती मिळतं, हे विचारल्याशिवाय ती घेऊ नये. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, तेव्हा आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं संस्थापक बायका निरक्षर म्हणून नाकारला होता. बायकांनी जाऊन सांगितलं की लिहिता येत नसलं तरी व्याजाचा हिशेब येतो. टाक्यांचा हिशेबही त्यांना तितकाच येतो, फक्त तो विचारणारा हवा.

आणखी एक अडचण कापडाची आहे. इलकलच्या किंवा इचलकरंजीच्या सुती लुगड्याची वाकळ धुऊन धुऊन मऊ होत जाते. आजच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम टिपत नाहीत, घसरतात, टाकाही नीट धरत नाहीत. भट्टीजवळ तर त्या धोक्याच्याच, कारण कृत्रिम धागा उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतो. घरात शेवटच्या दोन-चार सुती साड्या उरल्या असतील तर त्या भांड्याच्या बदल्यात देऊ नयेत.

परदेशी निघालेल्यांनी मशीन न्यायचंच असेल तर एवढं पाहावं. भारतातली विजेची मोटर 230 व्होल्टची असते, अमेरिकेत घरात 120 व्होल्ट येतात. तिथे ती मोटर नीट चालत नाही, मशीन तिथलंच घ्यावं. युरोपात आणि आखातातल्या बहुतेक देशांत इथलं मशीन चालतं, फक्त पिन बदलावी लागते. सुया, कात्री आणि दाभण हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत टाकावीत. आणि निघण्याआधी घरातल्या थोरल्या बाईकडून दंड घालायला शिकून घ्यावं, मुलीनं आणि मुलानंही.