जुन्या मोटारीचे दुखणे आणि त्याची चौकशी

मोठ्या शहरांत जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात. पुसूनपासून लखलखीत केलेल्या गाड्या पाहायला लोक जमतात, छायाचित्रे निघतात, आणि संध्याकाळी त्या गाड्या पुन्हा आपापल्या गराजांत जाऊन झोपतात. आमच्या दुसरबीडच्या बाजूला जुनी मोटार दिसते ती पोटासाठी. मेहकर, सिंदखेडराजा, जालना या वाटेवर तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतलेल्या गाडीतून कोणी भाजीपाला नेतो, कोणी कापडाचे गठ्ठे आणतो, कोणी रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवितो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाला. पण खेड्याला खेडे जोडणारा जुना रस्ता जुनाच आहे, आणि त्यावर धावणारी जुनी गाडी बंद पडली की एका घराची त्या दिवसाची कमाई बंद पडते.

आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि वाटाघाटींत गेले. शाळा लवकर सुटली. यंत्राचे जे काही ज्ञान मिळाले ते ड्रायव्हर व मिस्त्री यांच्या शेजारी बसून आणि हाती लागतील ती पुस्तके वाचून. कामगार चळवळीचा एक जुना आग्रह आहे : चौकशीवाचून शिक्षा नको. कामगारावर ठपका ठेवायचा तर आधी आरोप सांगा, पुरावा दाखवा, त्याचे म्हणणे ऐका, मग निर्णय द्या. मोटारीच्या बाबतीत हा न्याय कोणी पाळीत नाही. गाडी धक्के मारू लागली की पहिल्या दिवशी प्लग बदलले जातात, दुसऱ्या दिवशी कॉइल, तिसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर. तीन निरपराध भाग घरी जातात आणि खरा गुन्हेगार इंजिनात तसाच बसून राहतो. दंड मात्र गाडीवाल्याच्या खिशातून भरला जातो. म्हणून आज चौकशीची रीत सांगावयाची आहे.

प्रथम ही रीत कोणत्या गाड्यांना लागू पडते ते पाहू. मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाडी तयार होऊ लागली. तिचे १९७४ पासूनचे नाव पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप ते हेच. वयाची वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. अँबॅसडर २०१४ साली बंद झाली, मारुती ८०० ही त्याच साली. कारखाने थांबले तरी या गाड्या खेडोपाडी अजून चालतात. मात्र त्यांचे दुखणे ओळखणारे मिस्त्री म्हातारे होत चालले आहेत, ही खरी काळजी आहे.

इंजिनाच्या मागण्या थोड्या आहेत : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, ते दाबण्याची ताकद, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. गाडी नीट चालत नसेल तर यांपैकी काहीतरी चुकते आहे. तेव्हा चौकशीचा पहिला प्रश्न एकच : बिघाड सगळ्या सिलिंडरांत आहे की एकात?

चार सिलिंडरांच्या गाडीत एक सिलिंडर काम करीत नसला तर इंजिन ठरावीक तालावर लंगडते. मिस्त्री याला ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन स्लोला चालू ठेवून कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहावी. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी खाली बसते. मेलेल्या सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. गुन्हेगाराची खोली सापडली! आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घालून पाहावा. लंगडेपणा प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग दोषी. गेला नाही तर प्लग निर्दोष सुटला, वायर पाहावी. वायरही चांगली निघाली तर त्या सिलिंडरची ताकद, म्हणजे वाल्व आणि रिंगा, यांकडे वळावे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. मात्र ही रीत कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची आहे. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाडीची वायर अशी काढू नये, त्यात महागडे भाग जळतात.

काढलेला प्लग फेकू नका, वाचा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. चोक अडकला असेल किंवा हवेची जाळी कोंदली असेल. ओले, तेलकट काळे असेल तर ऑइल वर येत आहे. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे किंवा ठिणगीची वेळ चुकली आहे.

बिघाड सगळ्या सिलिंडरांत असेल तर प्रश्न बदलतो : ठिणगी कमी पडते की पेट्रोल? ठिणगी कशी होते ते समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास बॅटरी आणि कॉइल यांवर चालणारी ठिणगीची रचना मोटारीत आणली; १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचाच विजेचा सेल्फ आला. जुन्या फियाटमध्ये आणि अँबॅसडरमध्ये तीच रचना आहे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तोच प्लगवर ठिणगी होऊन पडतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांच्या गाडीत पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. आठ तास राबणाऱ्या त्या इवल्याशा पत्र्यांची हलाखी यावरून ध्यानात यावी.

पॉइंट झिजतात, जळतात, त्यांच्यामधील फट बदलते. आणि फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. ही फट साधारणपणे ०.४ मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा आणि फीलर पट्टीने मोजावा, नजरेने नव्हे. पॉइंट घासून साफ केले आणि आठवड्यात पुन्हा काळे पडले, तर कंडेन्सर संशयित आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये जी ज्योत उडते ती आवरण्याचे काम त्याचे. पॉइंट बदलत राहणे आणि कंडेन्सरकडे न पाहणे, हे गळक्या छपराखाली दर पावसाळ्यात नवे पातेले ठेवण्यासारखे आहे.

पेट्रोलच्या बाजूची परीक्षा चोकने होते. गाडी धक्के मारीत असता चोक थोडा ओढला आणि ती सुधारली, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. जेटमध्ये कचरा असेल, पंप दुबळा झाला असेल, किंवा कार्ब्युरेटरच्या खालच्या सांध्यातून इंजिन चोरटी हवा ओढीत असेल. इंजिन थंड असतानाच चालू करून त्या सांध्यांवर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडावेत. पाणी आत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर बदलला तर चोरवाट सापडली. काहीजण या परीक्षेसाठी पेट्रोल शिंपडतात. तसे कदापि करू नये. त्यात गाडी आणि माणूस दोन्ही पेटतात.

येथे एक नवी गोष्ट जाणून घ्यावी. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून होते, शेतमालाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळते. परंतु जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्या इंधनासाठी बनविलेले नव्हते; ते फुगतात, तडकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचण्याचा धोका असतो. जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबून पाहावेत. चिकट किंवा भेगाळलेले वाटले तर इथेनॉल सोसणारे नवे घालावेत. हा खर्च टाळण्याजोगा नाही.

आता आमच्या वऱ्हाडी उन्हाळ्याचे खास दुखणे. भर दुपारी गाडी तासभर चांगली चालते, मग गचके देत बंद पडते. अर्ध्या तासाने, काहीच न करता, पुन्हा सुरू होते. याची कारणे मुख्यतः दोन. एक, उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. दुसरे, कॉइल किंवा कंडेन्सर तापून आतून निकामी होतो आणि थंड झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. दोन्ही रोगांचे लक्षण एक, औषध मात्र वेगळे. भेद करावयाचा तर गाडी बंद पडल्या क्षणीच करावा लागतो. गार झाल्यावर पुरावा नाहीसा होतो. एक जादा प्लग जवळ ठेवावा. तो मधल्या वायरीला किंवा प्लगच्या वायरीला लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. हात रबरी वेष्टणावर, आणि आसपास पेट्रोलचा ओलावा नको. निळी, कडक ठिणगी दिसली तर विजेची बाजू निर्दोष. पंपावर ओले फडके ठेवा, दहा मिनिटांत गाडी बोलू लागेल. ठिणगी नसली किंवा पिवळी, मरतुकडी असली तर कॉइल व कंडेन्सर तपासा.

उरली विजेची दुखणी. त्यांच्यासाठी काही शेकड्यांत मिळणारे मीटर पुरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. बाराच्या खाली असेल तर ती रिकामी आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक आहे. तेराच्या खाली राहिले तर बेल्ट ढिला आहे, अथवा डायनामो किंवा आल्टरनेटर पाहिला पाहिजे. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचे पाणी उकळवून टाकील आणि बल्ब जाळील.

आमच्या परिचयाच्या एका गाडीवाल्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. सेल्फ रेंगाळत फिरे, दिवे मंद पडत. एका गराजात त्याला नवी बॅटरी घ्यायला लावली, दुसऱ्यात सेल्फ उघडून बुश बदलले. फरक शून्य. शेवटी एका वृद्ध मिस्त्रीने विचारले, ‘भाऊ, चोकची तार गरम होते काय?’ हात लावला तर चटका बसला! इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजून तुटली होती. सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीची वाट शोधीत त्या बारीक तारेतून जात होता. पट्टी बदलली, दोन्ही टोके घासून चकचकीत केली, काम संपले. मीटरने हीच परीक्षा अशी होते : मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे आणि सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब आहे. प्रवाह जितका जाण्याच्या वाटेवर पाहावा तितकाच येण्याच्या वाटेवर पाहावा. जुन्या गाड्यांतील अर्धी दुखणी परतीच्या वाटेवरच सापडतात, असा मिस्त्री लोकांचा अनुभव आहे.

रातोरात बॅटरी उतरत असेल तर चावी बंद ठेवून, दरवाजे मिटून, बॅटरीची अर्थ वायर काढावी आणि तिच्या व खांबाच्या मध्ये बारा व्होल्टचा लहान बल्ब जोडावा. बल्ब ठळक पेटला तर कोठेतरी वीज चोरीला जाते आहे. एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या वाटेवर चोर आहे. आणि फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळू नये. फ्यूज हा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्याला गप्प बसविले तर आग वायरीला लागते, आणि गाडीत त्या वेळी कोणाची तरी लेकरे बसलेली असतात.

नव्या गाडीत संगणक आहे, तो बिघाडाचा क्रमांक सांगतो. पण तो क्रमांक म्हणजे तक्रार आहे, निकाल नव्हे. ऑक्सिजनच्या सेन्सरची तक्रार आली तरी दोष सेन्सरचा असेल, त्याच्या वायरीचा असेल किंवा सांध्यातून शिरणाऱ्या हवेचा असेल. चौकशी तेथेही सुटत नाही.

म्हणून गाडीवाल्या बंधूंना आमची एक विनंती आहे. दोन रुपयांची वही गाडीत ठेवा असे पूर्वी म्हणत. आज ती वीस रुपयांना मिळेल, पण ठेवा. गाडी कधी बंद पडली, गरम होती की थंड, ठिणगी होती की नव्हती, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला, हे लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काढलेला भाग मिस्त्रीकडून परत मागून घ्या. मिस्त्रीलाही तपासणीची मजुरी द्या. आमच्याकडे भाग बदलल्याचे पैसे मिळतात, दोष शोधल्याचे मिळत नाहीत. मग मिस्त्री भाग बदलतो यात नवल ते काय? शोधण्याच्या कसबाला दाम मिळाला तर ते कसब टिकेल, आणि म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली एखादा पोरगा शिकायला उभा राहील.