सोबतीचा खर्च

सकाळी ७, जळगाव बसस्थानक
उन्हाळ्यात खानदेशात फिरायचं, तर ऊन चढायच्या आत निघावं लागतं. आमचा ट्रस्ट छोटा आहे. तो ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देतो आणि त्या कामाची पाहणी मी करतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी मोफत आहे, त्यामुळे गाडीत म्हातारी माणसं बरीच दिसतात. कुणी दवाखान्याला निघालेलं, कुणी बँकेला.

सकाळी ९, अमळनेर
१९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिच्या शेअरवर अझीम प्रेमजींचं आजचं दानकार्य उभं आहे. या गावात दानाची गोष्ट मोठी वाटते. माझं काम मात्र अगदी लहान रकमांचं.

सकाळी १०, तालुक्यातलं एक गाव
ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये इथल्या एका आजींच्या खात्यात जमा होतात, पण हातात येत नाहीत. "मना आंगठा उठत नही, भाऊ," त्या हात पुढे करून सांगतात. जन्मभर निंदणी-वेचणी करून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. संस्थेच्या ताईंनी त्यांना आधी आधार केंद्रात नेलं, मग बँकेच्या शाखेत. उद्या पुन्हा जायचं आहे. आमच्या अनुदानातून या ताईंचं मानधन आणि प्रवासखर्च निघतो.

दुपारी १, संस्थेचं कार्यालय
भाकरी-ठेचा खाऊन पावत्या, व्हाउचर, बँकेचं पासबुक तपासतो. सगळ्यात जास्त वेळ घरभेटींच्या वहीला देतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, तरी सोबत यायला कुणी नाही म्हणून ती लांबलेली माणसं या वहीत सापडतात. त्यांच्या नावापुढे तारीख आणि सोबत जाणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय आम्ही उठत नाही.

दुपारी ४, धुळे
एका वृद्धाश्रमाला नवं सभागृह हवं आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम आणि दिवसा सांभाळणारी केंद्रं स्पष्ट नमूद आहेत, त्यामुळे बांधकामाला कंपन्यांचा सीएसआर निधी मिळू शकतो. मी विचारतो, रात्री उठून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांची कूस कोण बदलून देतं? एकच बाई, आणि तिचा पगार दोन महिने थकलेला. सभागृहाचा प्रस्ताव बाजूला ठेवून आम्ही तीन वर्षांच्या पगाराचा हिशेब मांडतो.

संध्याकाळी ७, परतीची गाडी
एका देणगीदारांचा फोन येतो. त्यांना व्हीलचेअर द्यायच्या आहेत. मी म्हणतो, "काका, जरूर द्या. पण ती ढकलणाऱ्या माणसाचा पगारही द्या." जळगावात २०२०च्या टाळेबंदीत जैन उद्योगसमूहाच्या फाउंडेशनने 'स्नेहाची शिदोरी' ही जेवणाची सेवा सुरू केली, तेव्हा रोजच्या जेवणाचा खर्च रोज उचलावा लागला. म्हातारपणही रोजचंच असतं, एकदा वस्तू देऊन ते भागत नाही. काका वर्षभराच्या पगाराचा आकडा विचारतात. उद्या सकाळी तो पाठवायचा आहे.