जीर्णोद्धार आणि राजूरचा चुना

यवतमाळ जिल्ह्यांत वणीनजीक असलेलें राजूर हें गांव दगडी कोळसा व चुनाभट्ट्या यांच्या योगें प्रसिद्धीस आलें. इतिहासविषयक त्रैमासिकांत चुनाभट्टीचा उल्लेख कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु जुन्या धर्मशाळेच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला म्हणजे पहिला विचार चुन्याचाच केला पाहिजे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें संक्षेपानें देतों.

संस्कृतांत चुन्यास ‘सुधा’ म्हणतात व ‘सौध’ हा शब्द त्यावरूनच साधला आहे. सौध म्हणजे चुन्यानें लिंपलेलें घर. विहिरी, तलाव, देवालयें, अन्नदान यांस धर्मशास्त्रांत ‘पूर्त’ ही संज्ञा आहे. नहपानाचा जामात उषवदात यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें चतुःशाला व प्रतिश्रय बांधल्याचें नाशिकच्या लेण्यांतील लेखांत नमूद आहे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका लेखाप्रमाणें त्यानें कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव ठेविली. पैकीं २००० वर दरमहा शेंकडा १ व १००० वर पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल न मोडतां केवळ व्याज भोगावें, असा निर्बंध होता. धर्मादायाचें आयुष्य इमारतीइतकेंच तिच्या निरंतर उत्पन्नावर अवलंबून असतें, हें त्यावरून दिसतें.

दुरुस्तीचीहि नोंद पूर्वजांनीं अभिमानानें केली आहे. गिरनार येथील शक ७२ (इ. स. १५०) च्या लेखांत, फुटलेला सुदर्शन तलाव रुद्रदामन् यानें प्रजेवर कर वा वेठ न लादतां स्वतःच्या कोशांतून पुन्हां बांधविला, असें म्हटलें आहे.

आतां चुन्याकडे वळूं. चुनखडक सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला म्हणजे त्यांतील कर्बाम्लवायु निघून जातो. शुद्ध खडकाच्या १०० भागांचे ५६ भाग कळीचा चुना उरतो. तो विरवून, वाळू अगर सुरखी मिसळून घाणींत मळतात. भिंतींत गेल्यावर तोच वायु हवेंतून शोषून तो हळूहळू पुन्हां दगडाच्या जातीचा होतो. अशा भिंतींतील ओल बाहेर निघूं शकते. सिमेंट ती कोंडून ठेवितें. आम्हीं पाहिलेल्या एका धर्मशाळेच्या चुनेगच्ची भिंतींवर सिमेंटाचा गिलावा चढविला होता. थोड्याच पावसाळ्यांत त्याचे पोपडे सुटले व त्यांसवें विटांचे पापुद्रेहि गळाले. तेव्हां मंडळींनीं भिंतींस दोष दिला व इमारत पाडण्याची भाषा सुरू झाली! वस्तुतः भिंती निर्दोष होत्या. औषध चुकलें होतें.

म्हणून चालकांस आमची सूचना अशी: प्रथम छपराची गळती व पन्हाळी पाहाव्या, नंतर जुना चुना तपासून त्याच्याशीं जुळेल असाच वापरावा, दर्शनी शिलालेखाचा ठसा व इमारतीचीं मापें आधीं घेऊन ठेवावीं. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणें न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास, अथवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानें देण्यास, धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमति लागते. परंतु एकदां फोडलेला शिलालेख कोणत्याहि संमतीनें सांधला जात नाहीं.

धर्मशाळा पाडून त्या जागीं दुकानें उभीं राहिलीं, तर उत्पन्न वाढेल. मात्र रात्रीं आलेल्या निर्धन वाटसरूस ओसरी उरणार नाहीं. दात्यानें दान दिलें तें त्या ओसरीसाठीं, याचें विस्मरण होऊं नये.