परक्यांचा न्याय करताना

परदेशांतून आलेल्या लोकांना होणारा विरोध निव्वळ पोटाच्या चिंतेतून, आपला रोजगार हिरावला जाईल या भयातून उद्भवतो, अशी समजूत दृढ आहे. परंतु वस्तुस्थिती तिला पुरेसा आधार देत नाही. युरोपातील १५ देशांतील सुमारे १८,००० नागरिकांपुढे काल्पनिक आश्रयार्थींची वर्णने ठेवून केलेली जी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीत देशोदेशींचा कौल विलक्षण सारखा निघाला : ज्याच्या अंगी कामाचे कसब आहे, ज्याची जबानी सुसंगत आहे आणि ज्याने छळ सोसला आहे, त्याला थारा द्यावा, याकडे गरीब-श्रीमंत, डावे-उजवे अशा साऱ्यांचाच कल होता.

मात्र ही न्यायबुद्धी निःपक्षपाती असते, हा दुसरा गैरसमज पहिल्याहून घातक होय. त्याच पाहणीत, इतर सर्व बाबी समान असताही, मुसलमान अर्जदार ख्रिस्ती अर्जदाराच्या मागे पडला. स्वित्झर्लंडमधील काही गावांत तर नागरिकत्वाचे अर्ज गुप्त मतदानाने निकालात काढण्याचा शिरस्ता होता. अर्जदाराचे वय, शिक्षण, मूळ देश इत्यादी मजकुराचे पत्रक घरोघर जाई, आणि एका माणसाच्या साऱ्या भवितव्याविषयीचा होकार वा नकार मतदार कोणतेही कारण न देता नोंदवी. ल्युत्सर्न प्रांतातील एमेन येथे मार्च २००० मध्ये ५६ जणांपैकी ४८ जण नामंजूर झाले. मंजूर झालेले आठही जण इटालियन होते. अशा मतदानांच्या अभ्यासात, बाकी पात्रता सारखी असूनही, युगोस्लाव्ह व तुर्की अर्जदारांविरुद्धची मते उत्तर व पश्चिम युरोपीयांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली.

यावरून लोकमत मुळातच विद्वेषी असते, असा निष्कर्ष काढणे ही तिसरी चूक. २००३ साली स्विस सर्वोच्च न्यायालयाने अर्ज कारण न देता फेटाळणे घटनाविरुद्ध ठरविले. त्यानंतर हे काम ज्या गावांत लोकनियुक्त मंडळांकडे गेले, तेथे नागरिकत्व मिळण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. मंडळाचे सभासद त्याच मतदारांनी निवडलेले होते. फरक एवढाच, की नकाराची कारणे आता त्यांना द्यावी लागत आणि त्या कारणांविरुद्ध अर्जदाराला दाद मागता येई. आणि मतपेटीने नागरिकत्व ठरविण्याची मुभा गावांना परत द्यावी, असा प्रस्ताव जून २००८ मध्ये सार्वमताला आला, तेव्हा स्विस मतदारांनीच तो सुमारे ६४ टक्के मतांनी फेटाळून लावला.