अस्वल झोपतं, पण गुठळी होत नाही

ऑपरेशन झालं की दुसऱ्याच दिवशी डॉक्टर 'उठा, चाला' म्हणून मागे लागतात. रुग्ण कुरकुरतो, घरच्यांना डॉक्टर निष्ठुर वाटतात. पण त्यांना धास्ती असते ती पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेततं.

आता स्वीडनच्या जंगलातलं तपकिरी अस्वल पाहा. थंडी पडू लागली की ते बिळात शिरतं आणि पाच ते सात महिने तिथंच पडून राहतं. खाणं नाही, पिणं नाही, लघवीसुद्धा नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला दहाच्या आसपास. (आपल्याकडच्या अस्वलाला ही चैन नाही, ते बारा महिने वारुळं उकरत हिंडतं.) उन्हाळा जवळ आला की स्वारी उठते आणि चालू लागते. गुठळीबिठळी काही नाही!

हे कसं साधतं, ते पाहण्यासाठी संशोधकांनी फेब्रुवारीत थेट बिळाशी जाऊन आणि जूनमध्ये पुन्हा, गुंगीचं औषध देऊन अस्वलांचं रक्त घेतलं. हिवाळ्यातल्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं होतं. लघवीच नाही म्हटल्यावर ते ओघानंच आलं. युरिया मात्र चक्क घटलेला! आतड्यातले जिवाणू युरिया फोडतात आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनं बनवायच्या कामी येतो. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

गुठळीचं कोडं उलगडलं ते २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातून. डेंगी झाला की ज्यांचा आकडा आपण रोज विचारतो, त्या प्लेटलेट्सवर एचएसपी-४७ नावाचं एक प्रथिन असतं. गुठळी जमवण्यात त्याचा हात असतो. झोपलेल्या अस्वलात ते उन्हाळ्याच्या मानानं सुमारे ५५ पटींनी कमी आढळलं.

गंमत पुढेच आहे. मणक्याच्या दुखापतीमुळे वर्षानुवर्षं हालचाल बंद असलेल्या माणसांतही हे प्रथिन कमी सापडलं. धडधाकट स्वयंसेवकांना २७ दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर त्यांच्यातही ते उतरलं. म्हणजे ही युक्ती आपल्याही शरीराला येते, पण सावकाश. गुठळीचा खरा धोका असतो तो मात्र पडून राहण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत. गुठळी टाळण्याच्या आजच्या औषधांनी रक्तस्रावाची भीती असते. अस्वलाला रक्तस्रावाचा त्रास न होता हे जमतं, म्हणून आता या प्रथिनाला आवर घालणाऱ्या औषधाचा विचार सुरू झाला आहे.