लैंगिक अत्याचाराबद्दल मुलांशी कसं बोलायचं? ‘कोमल’ ही कार्टून फिल्म काय शिकवते?

कोमल ही शाळेत जाणारी हसरी, बडबडी मुलगी. शेजारचे बक्षी अंकल तिला चॉकलेट देतात, तिच्याशी खेळतात. घरच्यांचाही त्यांच्यावर विश्वास बसतो. आणि मग एक दिवस ते तिला नको तिथे स्पर्श करतात. कोमल गप्प गप्प राहू लागते.

‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’च्या ‘कोमल’ या अ‍ॅनिमेशनपटाची ही गोष्ट. जेमतेम दहा मिनिटांच्या या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे.

यातला ‘व्हिलन’ ओळखीचा का?

कारण वास्तव तेच आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. म्हणजे ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ एवढंच सांगून भागत नाही.

मग कार्टूनच का?

पहिलं कारण, मुलांना ही भाषा कळते. शरीराचे खासगी भाग कोणते, सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श म्हणजे काय, हे चित्रातून दाखवताना मुलं घाबरत नाहीत आणि मोठेही अवघडत नाहीत.

दुसरं कारण, इथे खऱ्या मुलाचा चेहरा लागत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार पीडित मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांत देता येत नाही. तरीही एखादी घटना घडली की ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणत त्या मुलीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. हेतू चांगला असला, तरी त्या फोटोमुळे तिची ओळख कायमची उघडी पडते. कोमल काल्पनिक आहे, म्हणून तिची गोष्ट बिनधास्त शेअर करता येते.

फिल्म दाखवली की काम झालं?

नाही. फिल्म मुलाला बोलायला शिकवते, पण ऐकायचं काम मोठ्यांचं. ‘काका असं करणारच नाहीत’ हे एक वाक्य मुलाला पुन्हा गप्प करायला पुरेसं असतं. म्हणून मूल काही सांगत असेल, तर:

• आधी विश्वास ठेवा. ‘तुझी काही चूक नाही’ हे स्पष्ट सांगा.
• तेच तेच प्रश्न विचारून उलटतपासणी करू नका.
• 1098 या मोफत क्रमांकावर किंवा पोलिसांशी संपर्क साधा. अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे, मग आरोपी घरातला का असेना.

‘कोमल’ यूट्यूबवर बघता येते. मुलाच्या हातात मोबाईल देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसून बघा, कारण फिल्म संपल्यावर मूल जो प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.